चित्राबरहुकूम

“मिस्त्री, ही थाळी कोणासाठी?”

हॉलिसबाईंनी विचारलं आणि मी छाती पुढे काढून उत्तर दिलं, “तुमच्याच कागदावरची आहे, बाई. कागदावर दोन वस्तू होत्या, दोन्ही केल्या. हा तांब्या आणि ही थाळी.”

बाईंनी कागद उचलला. थाळी उलटीसुलटी करून पाहिली. मग खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. वर्गातले अकरा जण माझ्याकडे बघत होते आणि मी कुणाकडे बघावं ते मला कळत नव्हतं. हसू आवरल्यावर बाईंनी तांब्या जमिनीवर ठेवला आणि मला त्याच्यावर वाकायला लावलं.

“आता सांगा, काय दिसतं?”

“गोल दिसतो.”

“आणि कागदावर काय आहे?”

“गोल.”

“तर मग वस्तू किती?”

एकच होती. एकदा समोरून काढलेली आणि एकदा वरून. मी तांब्याचं तोंड थाळी समजून ठोकून काढलं होतं, तेही कड वळवून, हातोडीच्या बारीक घावांनी झकास मठारून. तांबट आळीत ही बातमी संध्याकाळच्या आत पोचली आणि पुढे महिनाभर मला जो भेटे तो विचारी, “हैबती, आज वरनं काय दिसलं रं?”

हे मी मुद्दाम आधी सांगून टाकतो. सत्तरी ओलांडल्यावर माणसाला आपल्या मोठेपणाच्या गोष्टी सांगायची खोड लागते, मलाही लागली आहे. तेव्हा फजितीही आपल्याच तोंडून निघालेली बरी.

सन अठराशे चौऱ्याण्णवची गोष्ट. करंजपुरात अमेरिकन मिशनची हुन्नरशाळा होती. सुतारकाम होतं, विणकाम होतं, आणि दोन वर्षांपूर्वी तांब्यापितळेचा वर्ग निघाला तेव्हा शिकवायला मला बोलावलं. मी एकोणतीस वर्षांचा. माझा हात चांगला होता. खोटा विनय कशाला, आळीत आबांच्या खालोखाल माझाच हात होता. आबा म्हणजे माझे वडील, धोंडीबा तांबट. त्यांचा हंडा ओळखायला खाली नाव कोरावं लागत नसे. नुसतं बोटानं वाजवलं की लोक म्हणत, हा धोंडीबाचा.

वर्गाची देखरेख हॉलिसबाईंकडे होती. पस्तिशीच्या, उंच, नाकावर चष्मा, आणि मराठी अशी की वाटावं बायबल बोलतंय. त्यांच्या पद्धतीत आधी कागद आणि मग हातोडा. प्रत्येक वस्तूचं चित्र काढायचं, समोरून, वरून, मधून कापली तर आतून कशी दिसेल तसं, आणि मगच पत्र्याला हात लावायचा. आबांना हे अजिबात पटत नसे.

“कागदावर पानी ठरतं का रं?” ते विचारायचे. “न्हाई ना? मग कशाला त्याचं कवतिक?”

याला कारण होतं. आमच्या आळीत नवं भांडं गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी त्याला पाणी दाखवायची रीत होती. दुकानाच्या उंबऱ्यावर भांडं ठेवायचं, काठोकाठ भरायचं आणि चार माणसांसमोर काही वेळ तसंच राहू द्यायचं. भांडं कोरडं राहिलं की ते पास. कुठून थेंब जरी आला तरी ज्यानं केलं त्यानंच घण घेऊन ते चेपायचं. कथलाचा डाग लावून, झाळून, रंगवून खपवायचं नाही. चेपायचं आणि भट्टीत टाकायचं. आबांनी आयुष्यात अशी तीन भांडी चेपली होती. त्या तिन्ही वेळा ते दोन दिवस जेवले नव्हते, असं आई सांगायची.

तर एकीकडे आबा आणि दुसरीकडे बाई. थाळीच्या फजितीनंतर मी बाईंना म्हणालो, “हे तुमचं मला जमायचं नाही. तुम्ही आखा, मी ठोकतो. ज्याचं काम त्यालाच शोभतं.”

बाई एकदम गंभीर झाल्या. “मिस्त्री, असं पुन्हा कधी बोलू नका.”

शाळा सुटली होती. वर्गात आम्ही दोघंच होतो, आणि दारात बाईंची स्वयंपाकीण सगुणाबाई तांदूळ निवडत बसली होती. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि आपल्या गावाची हकीकत सांगितली.

त्यांचं गाव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स प्रांतातलं, कापडगिरण्यांचं. वडील कापडावर छापायचे ठसे कोरायचे. नक्षी दुसऱ्यानं आखायची, वडिलांनी कोरायची. वीस वर्षं असंच चाललं. बाई दहा-अकरा वर्षांच्या असताना तिथल्या सरकारनं कायदा केला, की दहा हजारांवर वस्ती असलेल्या प्रत्येक गावानं कारागिरांना चित्र काढायला फुकट शिकवायचं. वडील काम सुटल्यावर त्या वर्गाला जाऊ लागले. लेकीलाही सोबत नेत.

“हा कायदा गिरणीमालकांनी मागितला होता,” बाई म्हणाल्या. “कारागिरांवर त्यांची माया नव्हती. परदेशी कापड सुंदर होतं, यांचं कुरूप होतं, खपत नव्हतं, म्हणून. पण माझ्या वडिलांनी तिसऱ्या वर्षी स्वतःची नक्षी काढली. ती छापली गेली. त्या दिवसापर्यंत मुकादम त्यांना शिटी वाजवून बोलावत असे. त्यानंतर जवळ येऊन बोलू लागला.”

“नक्षीमुळे?”

“नाही. नक्षी काय, पुष्कळ जण काढतात. आता वडील त्याला सांगू शकत होते, की तुझं चित्र चुकलं आहे.”

मला तेव्हा हे नीटसं कळलं नाही. चित्र चुकतं म्हणजे काय, छापलेलं असतं ते, असं मी मनात म्हणालो. पण शिटीची गोष्ट मात्र मनाला लागली. दुसऱ्या दिवसापासून मी पेन्सिल धरली.

हाल झाले माझे. घणाची सवय झालेला हात, पेन्सिली काड्यांसारख्या मोडायच्या. गोल काढायला गेलो की भोपळा व्हायचा. ज्यांना मी सकाळी पत्रा वळवायला शिकवी तेच दुपारी चित्राच्या तासाला माझ्यापेक्षा बरं काढत, आणि तोंड दाबून हसत. तरी मी आठ महिने तासाला बसलो. हळूहळू रेघ ऐकायला लागली. एक दिवस घागरीचं चित्र काढताना ती मधून कापली तर पत्रा कुठे जाड राहील आणि कुठे पातळ, हे कागदावर आपोआप उतरलं. मी चमकलो. हे तर माझ्या हाताला दहा वर्षांपासून ठाऊक होतं! डोळ्यांना मात्र आज दिसलं.

आणि त्याच सुमारास सरकारचं पत्र आलं. यापुढे हुन्नराच्या प्रत्येक वर्गावर चित्रकला जाणणारा शिक्षकच असला पाहिजे. जुन्या मिस्त्रींची परीक्षा होईल. वरून एक चित्र येईल, त्याबरहुकूम वस्तू वीस दिवसांत करायची. चित्रात केसभर बदल करायचा नाही. पास झाला तर मिस्त्रीच शिक्षक राहील. नापास झाला तर मुंबईहून शिक्षक येईल, तो आखील आणि मिस्त्री त्याच्या हाताखाली ठोकील.

चित्र पत्र्याच्या नळीतून आलं. तपासनीस दामोदरपंत फणसळकर यांनी स्वतः काढलेलं होतं. गुंडाळी उलगडली आणि मी बघतच राहिलो. झारी होती. अंगानं भरलेली, गळ्याशी निमुळती, आणि तोटी तर अशी डौलात वर जाऊन पुन्हा खाली झुकलेली, की लाजलेल्या नवरीची मानच. इतकी सुंदर झारी आमच्या आळीत कुणी केली नव्हती. मी कैवारानं, म्हणजे मापं घ्यायच्या कंपासानं, एकेक माप उचलून शाळेच्या फरशीवर ती खडूनं पूर्ण आकारात उतरवली. या वेळी वरचा गोल थाळी समजलो नाही, हे वेगळं सांगायला नको.

फरशीवर उतरवल्यावर मात्र माझी नजर तोटीवर अडली.

तोटी वर जात होती ते ठीक. पण तिचा बाक फारच खालून वळत होता. बाकाचा माथाच झारीच्या खांद्याच्याही चार बोटं खाली राहत होता. म्हणजे झारी अर्धी-पाऊण भरली, की पाणी आपलं आपण तोटीतून बाहेर. काठोकाठ ती कधी भरायचीच नाही. पुन्हा मापं घेतली. तीनदा घेतली. माझं माप बरोबर होतं.

मी बाईंकडे गेलो. “बाई, चित्र चुकलंय.”

त्या फरशीपाशी येऊन उभ्या राहिल्या. वाकून तोटीची रेघ पाहिली. “होय,” अखेर म्हणाल्या. “चुकलं आहे.”

“तोटी गळ्याच्या काठावर उचलू?”

“उचललीत तर नापास व्हाल. ‘केसभर बदल नाही’ असं लिहिलं आहे.”

“आणि नाही उचलली तर झारी नापास.”

“झारीत पाणी कोण घालणार आहे, मिस्त्री?” बाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचं त्यांनाच ते बोलणं आवडलं नसावं, कारण त्या खिडकीकडे वळल्या. “आधी पास व्हा. मग बोला. दुसरा माणूस इथे आला तर तुम्हाला बोलायला जागाच राहणार नाही.”

इकडे आड आणि तिकडे विहीर, अशी माझी गत. अखेर मी बाईंचं ऐकलं. वीस दिवस जीव ओतून ती झारी केली. लाकडी मोगरीनं अंग उठवलं, गळा आवळला, तोटी नळीसारखी वळवून तिच्यात राळ भरली आणि वाकवली, म्हणजे कुठे सुरकुती पडू नये. मठारताना एकेक घाव दुसऱ्याला चिकटून बसवला. आबांना मात्र ती दाखवली नाही. परीक्षेचं काम आहे, दाखवायची मनाई आहे, असं सांगितलं. आबांशी मी खोटं बोललो ते तेवढंच.

परीक्षेच्या दिवशी शाळेचं दालन गच्च भरलं होतं. गावातले प्रतिष्ठित, मिशनची मंडळी, आणि मागच्या भिंतीशी अख्खी तांबट आळी. आबा स्वच्छ पागोटं बांधून आले होते. फणसळकरसाहेब चाळिशीचे, गोरे, मोठे टापटिपीचे. झारीवरचं फडकं काढलं तेव्हा त्यांच्या तोंडून आपोआप “वा!” निघालं.

त्यांनी चित्र पसरलं आणि कैवार घेऊन मापं घेतली. उंची, पोट, गळा, तोटीचा बाक. अकरा जागी घेतली आणि अकराही जागी मान डोलावली.

“तंतोतंत,” ते उभे राहून म्हणाले. “मंडळी, हाताखाली असा कारागीर असेल तर चित्र काढणाऱ्याचं चीज होतं. ही झारी मी मुंबईच्या प्रदर्शनात मांडणार. मिस्त्री, तू पास आहेस.”

टाळ्या पडल्या. बाईंनी डोळे मिटून श्वास सोडला. साहेबांचा शिपाई गवत भरलेली पेटी घेऊन पुढे आला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायला हवं होतं. ते चढलं नाही. ‘हाताखाली’ हा एकच शब्द कानात वाजत राहिला.

तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला. काही वाकडं मनात नव्हतं त्यांच्या. आनंदानंच विचारलं, रोजचं विचारावं तसं.

“हैबती, पानी दावलंस का रं?”

हो म्हणायला काय लागत होतं? एक मान हलवायची. झारी पेटीत, पेटी मुंबईला, मी शिक्षक. आळीत कुणाला संशय आला नसता. बाई माझ्याकडे एकटक बघत होत्या आणि त्यांच्या नजरेत ‘हो म्हणा’ असं होतं की ‘म्हणू नका’ असं होतं, हे मला आजही सांगता यायचं नाही.

“न्हाई, आबा,” मी म्हणालो.

“मग दाव की. त्याबिगर भांडं भाईर जातं व्हय?”

मी साहेबांना म्हटलं, “आमची रीत आहे, साहेब. भांडं बाहेर पडण्याआधी पाणी दाखवावं लागतं.”

“अवश्य, अवश्य,” साहेब कौतुकानं म्हणाले.

कुणीतरी घागर आणली. मी झारी टेबलावर ठेवली आणि धार धरली. पाणी पोटात चढत गेलं. खांद्याच्या थोडं खाली पोचलं तोच तोटीच्या नाजूक तोंडातून पाण्याची धार लागली आणि थेट चित्राच्या कागदावर पडली. मी ओततच राहिलो. जितकं वरून ओतावं तितकं तोटीतून जात होतं. झारी काही भरेना.

मागची मंडळी माना उंच करून बघू लागली. मग कुणीतरी खुसकन हसलं.

साहेबांचा चेहरा लाल झाला. “हे काय? तोटी खाली बसवलीस तू!”

“आत्ताच अकरा मापं घेतलीत, साहेब. पुन्हा घ्या.”

त्यांनी खरोखरच पुन्हा कैवार उचलला. ओल्या कागदावर एक टोक ठेवलं, मग तोटीवर ठेवलं. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. हात थांबला. आपली चूक आपल्याच हातातल्या कैवारानं दाखवलेली माणसाला कशी लागते, ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि मला त्यांची कीवही आली. पण थांबून चालणार नव्हतं. मी झारी रिकामी केली, भिंतीशी मांडलेल्या वर्गाच्या ऐरणीवर ठेवली आणि तिथलाच घण उचलला.

“अरे, अरे! परीक्षेची वस्तू आहे ती!” साहेब ओरडले.

“पाण्याला उतरली नाही, साहेब. आळीचं नाव घेऊन ही बाहेर जायची नाही.”

पहिला घाव गळ्यावर घातला. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. वीस दिवसांचं काम, आयुष्यातलं सगळ्यात देखणं. चार घावांत त्याचा चपटा गोळा झाला. आबा भिंतीशी ताठ उभे होते. 

साहेबांनी कैवार मिटून खिशात घातला. आता आपलं इथलं दाणापाणी संपलं असं मी धरून चाललो. मग त्यांनी फळ्याखालचा खडू उचलला आणि माझ्यापुढे धरला.

“मोडता कुणालाही येतं,” ते कोरड्या आवाजात म्हणाले. “कशी हवी होती, दाखव. तोंडानं नको. फळ्यावर.”

मी खडू घेतला. तीनशे डोळे पाठीवर. आठ महिन्यांपूर्वी ज्याचा गोल भोपळा होत होता तोच मी. पण रेघ आता माझं ऐकत होती. आधी मधली उभी रेघ मारली. तिच्या दोन्ही अंगांनी झारीचं पोट उतरवलं, मधून कापल्यासारखं, आतलं दिसेल असं. पत्रा बुडाशी जाड, खांद्याशी पातळ, जसा असतो तसा दाखवला. मग गळ्याच्या काठावरून एक आडवी रेघ थेट फळ्याच्या टोकापर्यंत ओढली.

“ही पाण्याची रेघ,” मी म्हणालो. “झारी भरली की पाणी इथवर येणार. ते पोटात असो की तोटीत, उंची एकच. तेव्हा तोटीला वाटेल तेवढी झुकवा, साहेब, पण तिच्या बाकाचा माथा या रेघेच्या वर हवा.”

आणि मी तोटी काढली. तोच डौल, तोच बाक, फक्त आणखी वर चढून मग झुकलेली. साहेबांच्या तोटीपेक्षा ती देखणी झाली. हे मी म्हणत नाही, सगुणाबाई पुढे वर्षानुवर्षं गावभर सांगत फिरायची.

फणसळकर फळ्याजवळ गेले. पाण्याच्या रेघेवरून त्यांनी हळूच बोट फिरवलं. मग वळून टोपी उचलली आणि निघून गेले. ओला कागद टेबलावर तसाच राहिला.

पुढचे तीन आठवडे मी शाळेच्या टपालाची वाट बघत काढले. बायको म्हणे, “मुंबईवाला यायचा तर येईल. तुमी घण सोडू नका म्हंजे झालं.” आळीत दोन तट पडले. काही म्हणत, शाबास. काही म्हणत, हात दाखवून अवलक्षण केलं. आबा दोन्हीकडचं ऐकत आणि काम करत. 

मग तपासनिसांचा अहवाल आला. बाई तो घेऊन आमच्या आळीतच आल्या, भर दुपारी, उन्हातून चालत. दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि इंग्रजी कागदावरचं मराठीत सांगू लागल्या. करंजपूरच्या वर्गाची पाहणी केली. परीक्षेची वस्तू चित्राबरहुकूम होती. चित्र सदोष होतं, ते मी परत घेतलं आहे. एवढं सांगून बाईंनी कागद गुडघ्यावर ठेवला. त्यांनी पाणी मागितलं, प्यायल्या आणि शेवटची ओळ सांगितली.

“या वर्गावर चित्रशिक्षक नेमण्याची गरज नाही. तो तेथे आहे.”

आळीनं काय गलका केला म्हणता! बाई माझा हात धरून हलवत होत्या, कुणी गूळ आणला, कुणी रिकाम्या हंड्यावर ताल धरला. आबांनी मात्र हातातलं काम संपवलं, हात पुसले आणि आत निघून गेले. त्यांना हे रुचलं नसावं असं मला वाटलं. त्या एवढ्या आनंदातही जिवाला चुटपुट लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चित्राचा तास सुरू झाला. अकरा जण पाट्या घेऊन बसले होते. मी फळ्याकडे वळलो, तोच दारात पायताणं काढल्याचा आवाज झाला.

स्वच्छ पागोटं, काखेत नवी पाटी. पासष्ट वर्षांचे धोंडीबा तांबट आत आले, कुणाकडे न बघता शेवटच्या ओळीत मांडी घालून बसले, आणि वर्गासमोर, खणखणीत आवाजात मला म्हणाले,

“मास्तर, माजा हात कापतोय. रेघ कशी सरळ मारायची, तेवढं शिकवा.”